राजकन्या, प्रेम आणि कर्तव्य : या कादंबऱ्या नीट वाचायच्या कशा

राजकन्या आहे, लग्न कुठंतरी राजकारणात ठरतंय आणि जीव भलत्यावरच जडलाय. एवढ्या भांडवलावर किती कादंबऱ्या उभ्या आहेत त्याची गणती नाही. बहुतेक जण त्या एकाच उत्सुकतेपोटी वाचतात की शेवटी ती होते कुणाची, आणि धीर निघत नाही म्हणून मागची पानं आधी चाळून मोकळे होतात. चाळा की, काही बिघडत नाही, कारण खरी मजा तिथं नसतेच. तिला 'तुझं कर्तव्य' म्हणून जे ऐकवलं जातं त्यात फायदा कुणाचा आणि तिच्या निर्णयाची किंमत शेवटी कुणाच्या खिशातून जाते, हे शोधत वाचलं की तीच कादंबरी भलतीच रंगते. ते शोधायचं कसं, तेवढं इथं सांगतोय.

आधीच सांगून ठेवतो, खाली तीन पुस्तकांचे शेवट फुटणार आहेत. चालत नसेल तर आधी वाचून या.

पायरी १ : तीनच पुस्तकं घ्या, क्रम ठरवून

पहिलं, अँथनी होपचं 'प्रिझनर ऑफ झेंडा', 1894 चं. 22 प्रकरणं, पळती गोष्ट, तलवारबाजी, किल्ला, तोतया राजा आणि मध्यभागी राजकन्या फ्लाविया. दुसरं, मादाम द ला फायेतचं 'प्रिन्सेस द क्लेव्ह', 1678 साली फ्रान्समध्ये लेखिकेचं नाव न छापता निघालेलं. ही राजघराण्यात जन्मलेली राजकन्या नाही, प्रिन्सशी लग्न करून प्रिन्सेस झालेली आहे, पण प्रेम विरुद्ध कर्तव्य हा मामला इतक्या बारकाईने मी तरी दुसरीकडे वाचलेला नाही. तिसरं आपल्या घरचं, खांडेकरांचं 'ययाति', 1959 चं. याला साहित्य अकादमी मिळालं, पुढे 1974 चं ज्ञानपीठ खांडेकरांना मिळालं, ते सगळ्यांना माहीत आहे. पण ययाति आणि देवयानीच्या गडबडीत आपण एक गोष्ट विसरतो की त्यातली शर्मिष्ठा राजकन्या आहे, असुरांचा राजा वृषपर्वा याची मुलगी.

पहिल्या दोन्हींची इंग्रजी भाषांतरं किंवा मूळ पाठ प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतात. 'ययाति' बहुतेकांच्या घरी असतंच, नसलं तर कुठल्याही लायब्ररीत मिळेल.

क्रम हाच ठेवा. डायरेक्ट क्लेव्हला हात घातलात तर पहिल्या पंधरा पानांत पुस्तक मिटणार, आणि त्याचं कारण पायरी ३ मध्ये आहे.

पायरी २ : त्या राज्याचा कायदा एका ओळीत लिहून ठेवा

हे काम कंटाळवाणं वाटतं पण गोष्टीचं घोडं नेमकं कुठं अडलंय ते याशिवाय कळत नाही. वहीच्या पहिल्या पानावर तीन प्रश्न लिहा. ही मुलगी गादीवर बसू शकते का? हिच्या लग्नाला परवानगी कुणाची लागते? आणि तिने ऐकलं नाही तर तिचं काय जातं?

फ्रान्सच्या गादीवर बाईला बसता येत नव्हतं, त्यामुळे तिथली राजकन्या म्हणजे तहात द्यायची वस्तू. झेंडामधल्या रुरिटानिया या काल्पनिक राज्यात मात्र राजानंतर फ्लावियाचाच नंबर लागतो, कारण राजाचा सावत्र भाऊ मायकेल हा बरोबरीच्या न मानलेल्या लग्नातून झालेला. म्हणूनच मायकेलला फ्लावियाशी लग्न करायचंय, त्यात प्रेमाचा लवलेश नाही. हा एक नियम डोक्यात नसेल तर मायकेल नुसता व्हिलन वाटतो. कळला की त्याचा प्रत्येक डाव सरळ दिसायला लागतो.

खऱ्या जगातलं एक उदाहरण शेजारी ठेवलं तर हा मुद्दा पक्का बसेल. इंग्लंडची राजकन्या मार्गारेट आणि ग्रुप कॅप्टन पीटर टाउनसेंड. तो घटस्फोटित. 1772 च्या राजघराणं विवाह कायद्यामुळे तिला राणीची, म्हणजे सख्ख्या बहिणीची, संमती लागत होती. पण त्याच कायद्यात असंही होतं की वयाची 25 पूर्ण झाली की प्रिव्ही कौन्सिलला, म्हणजे राणीच्या सल्लागार मंडळाला, नोटीस द्यायची, वर्षभर थांबायचं आणि पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांनी हरकत घेतली नाही तर लग्न करता येतं. 1955 च्या ऑगस्टमध्ये ती पंचविशीची झाली आणि 31 ऑक्टोबरला तिने जाहीर केलं की मी हे लग्न करणार नाही, कारण दिलं चर्चची शिकवण आणि कॉमनवेल्थबद्दलचं कर्तव्य. म्हणजे कायद्याने दार किलकिलं ठेवलेलं होतं. 'तिला परवानगीच नव्हती' असं जे सर्रास लिहिलं जातं ते अर्धवट आहे, आणि कादंबऱ्यांतही नेमकं हेच होतं, पात्रं 'नाइलाज आहे' म्हणतात आणि आपण मान डोलावतो. तर तुम्ही डोलावू नका, कायदा काय म्हणतो ते आधी बघा.

उलट टोकाला जपान. तिथल्या 1947 च्या कायद्यानुसार राजकन्येने सामान्य माणसाशी लग्न केलं की ती राजघराण्यातून बाहेर. राजकन्या माको 2021 मध्ये अशीच बाहेर पडली, वर सरकारकडून मिळणारी रक्कमही नाकारली. तिथं प्रेम करायला बंदी नाही, फक्त बिल आधीच छापून ठेवलेलं आहे.

पायरी ३ : नावांची भिंत ओलांडा

ही पायरी फक्त क्लेव्हसाठी. पुस्तक उघडलं की दुसऱ्या हेन्री राजाच्या दरबारातली नावं अशी काही अंगावर येतात की कुणाच्या तरी लग्नाची निमंत्रण यादी वाचतोय असं वाटतं. अमका ड्यूक, तमकी डचेस, याचं तिच्याशी वाकडं, तिचं त्याच्याशी सूत. इथं भले भले वाचक गळतात.

सहा नावं पाठ करा, बाकीची खुशाल वाहू द्या. राजा हेन्री. त्याची राणी कॅथरीन द मेदिची. राजाच्या मर्जीतली दियान द प्वातिये, जी त्याच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी होती आणि तरी दरबार तिच्याच तालावर चालायचा. राजाची सून मेरी स्टुअर्ट, होय, तीच स्कॉटलंडची. मग नायिकेचा नवरा, प्रिन्स द क्लेव्ह. आणि ड्यूक द नमूर, ज्याच्यावरून सगळं रामायण घडतं. नायिका स्वतः लेखिकेने कल्पलेली आहे, पण तिच्या आजूबाजूची बहुतेक मंडळी इतिहासातली खरी.

पुस्तकात मध्येमध्ये दुसऱ्यांच्या भानगडींच्या गोष्टी येतात, चार मोठ्या आहेत, दियानची आहे, इंग्लंडची राणी अॅन बोलिन हिचीसुद्धा आहे. पहिल्या वाचनात त्या कंटाळवाण्या वाटतील पण टाळू नका. प्रत्येक गोष्ट नायिकेला कुणीतरी सांगतंय किंवा तिच्या कानावर पडतेय, आणि सगळ्यांचं सार एकच निघतं की या दरबारात प्रेमात पडलेल्या बाईचं काही खरं नाही. एक प्रकारे ते तिचं ट्रेनिंग चाललेलं असतं. दुसऱ्या वाचनात हे लख्ख दिसतं.

पायरी ४ : 'कर्तव्य' पहिल्यांदा कुणाच्या तोंडून येतं ते पकडा

पेन्सिल घ्या, किंडलवर असाल तर हायलाइटचा एक रंग यासाठी राखून ठेवा. कर्तव्य, इज्जत, घराणं, प्रजा, यातलं काहीही आलं की खूण करायची आणि बाजूला लिहायचं, कोण बोललं.

क्लेव्हमध्ये ते आईकडून येतं. मादाम द शार्त्र मुलीला लहानपणापासून सांगते की पुरुषांचा भरवसा नाही, बाईला सुख एकाच गोष्टीत आहे, नवऱ्यावर प्रेम करावं आणि त्याचंही मिळवावं. आणि एवढं शिकवून हीच आई तिचं लग्न लावते ते अशा माणसाशी ज्याच्याबद्दल पोरीला आदर आहे पण ओढ काडीची नाही. ते लेकीनं आईला सांगितलेलंही असतं. इथं पाणी मुरतंय. पुढे मरताना आई तिला म्हणते की तू कड्याच्या टोकावर उभी आहेस, दरबारापासून लांब जा. पण त्या कड्यापर्यंत आणून कुणी सोडलं होतं?

शर्मिष्ठेचं वेगळं आहे. महाभारतातल्या मूळ गोष्टीत आंघोळीनंतर कपड्यांची अदलाबदल होऊन झालेल्या भांडणात ती देवयानीला विहिरीत ढकलते, देवयानीचे वडील आणि असुरांचे गुरू शुक्राचार्य रुसून राज्य सोडून निघतात, आणि देवयानीची अट येते की शर्मिष्ठेनं माझी दासी व्हावं. बापाचं राज्य शुक्राचार्यांच्या जिवावर उभं. ती हो म्हणते, फार आढेवेढे न घेता. चूक तिची होती हे खरं, पण शिक्षा जी झाली ती राज्याच्या सोयीने झाली, चुकीच्या मापाने झाली नाही. हा फरक मनात ठेवून मग खांडेकरांची शर्मिष्ठा वाचा, राजकन्या म्हणून तिचं कर्तव्य दासी होण्यातच होतं असं सगळे धरून चाललेत हे जाणवून अंगावर काटा येतो.

फ्लाविया मात्र ते स्वतःच बोलते. तिच्यावर कुणी लादत नाही, निदान दिसताना तरी.

पायरी ५ : त्या खोलीत अजून कोण आहे?

ही माझी सगळ्यात आवडती पायरी. प्रेमाचा प्रसंग आला की थांबा आणि मोजा, तिथं किती जण आहेत. राजकन्येला एकांत नसतो, आणि चांगला लेखक त्याचा फायदा उठवतो.

क्लेव्हमधला लूव्हर राजवाड्यातला बॉल घ्या. राजाच्या मुलीची, क्लोदची, सोयरीक ठरलीय म्हणून नाच आहे. आपली नायिका एकाबरोबर नाचतेय. दाराशी गलका होतो, कुणीतरी येतंय, लोक वाट करून देतायत. नाच संपतो, ती पुढचा जोडीदार शोधतेय तेवढ्यात राजा ओरडून सांगतो की आत्ता आला त्याला घे. ती वळते तर एक माणूस खुर्च्यांवरून पाय टाकत येतोय. नमूर. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, ओळख करून दिलेली नाही, नाच सुरू होतो तशी सगळ्या हॉलमध्ये कुजबुज, काय जोडी आहे म्हणून. नाच संपल्यावर राजा आणि राण्या मजा करायला विचारतात, एकमेकांना ओळखलंत का? नमूर म्हणतो मी तर ओळखलं, पण मी कोण हे यांना कळलंय का ते मला माहीत नाही. ती म्हणते, मला तेवढं ओळखता येत नाही. त्यावर मेरी स्टुअर्ट तिथल्या तिथं टोकते की नमूर कोण ते न बघता ओळखलंस हे कबूल करायचं नाही, यातच काहीतरी गोड आहे त्याच्यासाठी.

आता बघा. हात धरायला लावला राजाने, जोडी ठरवली गर्दीने, आणि तिची पहिली बारीकशी थाप पकडली गेली ती भर दरबारात. ती प्रेमात पडली हे आपल्याला सांगायच्या आधी दरबाराला कळलेलं आहे. पुढे नमूर तिची छोटी तसबीर चोरतो तोही प्रसंग असाच, खोलीत माणसं आहेत, तिला चोरताना दिसतो, आणि ती गप्प बसते, कारण बोलली तर सगळ्यांसमोर त्याचं प्रेम उघडं पडणार आणि नाही बोलली तर ते तिने स्वीकारल्यासारखं होणार. तो अर्धा परिच्छेद हळू वाचा, घाई करू नका.

पायरी ६ : गोष्ट कोण सांगतंय?

छोटी पायरी आहे पण विसरू नका. झेंडाची सगळी गोष्ट रुडॉल्फ रासेंडिल सांगतो, खरा राजा कैदेत असताना त्याच्यासारखा दिसतो म्हणून तोतया राजा झालेला इंग्रज. म्हणजे फ्लावियाचं मन आपल्याला तिच्या प्रियकराकडून कळतं, आणि प्रियकराला अर्थातच ती थोर, त्यागी, डोळ्यांत पाणी आलेली अशीच आठवणार. 'ययाति'मध्ये खांडेकरांनी ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघांनाही आपापली बाजू सांगायला दिली, म्हणून तिथं एकच गोष्ट तीन तोंडांनी वेगळी दिसते. फक्त शर्मिष्ठेचे भाग सलग काढून एकदा वाचून बघा. पुस्तक बदलतं.

पायरी ७ : पळवाट शोधा

आता जरा खडूस व्हायचं. प्रेम आणि कर्तव्य यांची टक्कर लावायची आणि मग निर्णयाची वेळ आली की लेखकानेच मागचं दार उघडून द्यायचं, हा या प्रकारातला जुना धंदा आहे. नेहमीच्या पळवाटा अशा : ज्याच्यावर प्रेम बसलं तो फाटका तरुण खरा राजपुत्र निघतो. ज्याच्याशी लग्न ठरलंय तो नालायक निघतो, म्हणजे मोडायला कारण मिळालं. ऐनवेळी कायदा बदलतो. किंवा कुणीतरी सोयीस्कर मरतं. यातली पळवाट दिसली म्हणून पुस्तक वाईट ठरत नाही, हलक्याफुलक्या रोमान्समध्ये तर ती हवीच, पण मग टक्कर खरी नव्हती हे ओळखून वाचावं.

झेंडाच्या पहिल्या भागात पळवाट नाही. खरा राजा सुटतो, तोतयाला जावं लागतं, फ्लाविया राजाशी लग्न करते, आणि दरवर्षी ड्रेस्डेनला दोघांच्या विश्वासातल्या फ्रिट्झच्या हातून एक लाल गुलाब येतो-जातो. पण 1898 मध्ये होपने दुसरा भाग काढला, 'रुपर्ट ऑफ हेंट्झाऊ', त्यात राजा मरतो, आता रासेंडिलने राजा बनून फ्लावियाबरोबर राहावं की निघून जावं, असा जबरदस्त पेच. आणि त्याचं उत्तर जाहीर व्हायच्या आत त्याला गोळी लागते. मला हा शेवट कधीच पटला नाही. प्रश्न इतका अवघड विचारायचा आणि पेपर लिहायच्या आधी विद्यार्थी मारून टाकायचा.

क्लेव्हमध्ये बरोब्बर उलटं. तिथंही नवरा मरतो, संशयाने झुरून मरतो. वाट मोकळी. कायदा आड येत नाही, समाज आड येत नाही, नमूर अजूनही वेडा आहे. पळवाटेचं दार सताड उघडं, आणि ती आत जात नाही.

पायरी ८ : नकाराचा प्रसंग दोनदा वाचा

पहिल्यांदा गोष्टीसाठी, दुसऱ्यांदा कारणांसाठी. दुसऱ्या वेळी ती जी जी कारणं देते ती वहीत खाली खाली लिहा आणि प्रत्येकापुढे लिहा, हे दुसऱ्यांसाठी की स्वतःसाठी.

क्लेव्हची नायिका नमूरला शेवटच्या भेटीत दोन कारणं सांगते. एक, तुझ्यामुळे माझा नवरा गेला, त्याच्या आठवणीशी माझं कर्तव्य आहे. दुसरं, आणि इथं पुस्तक तीनशे वर्षं पुढे उडी मारतं, लग्नानंतर तुझं प्रेम टिकणार नाही, आजवर टिकलं ते अडथळ्यांमुळे, आणि ते आटलेलं बघत जगणं मला झेपणार नाही. आता सांगा, हे कर्तव्य की स्वसंरक्षण? मला दुसरं कारणच खरं वाटतं आणि पहिलं त्याला घातलेला इस्त्रीचा कोट. पण माझ्या ओळखीत याच्या नेमकं उलट म्हणणारी माणसं आहेत आणि त्यांच्याकडेही पुरावे आहेत. एक मात्र नक्की, लेखिका शेवटी सहज सांगून जाते की काही वर्षांनी नमूरचं प्रेम ओसरलं. म्हणजे तिचा अंदाज बरोबर होता.

फ्लावियाचा नकार झेंडाच्या 21 व्या प्रकरणात आहे. ती म्हणते, प्रेम हेच सर्वस्व असतं तर चिंध्या नेसून तुझ्या मागे आले असते, पण बाईलाही इज्जतीचं बंधन असतं, माझं बंधन माझ्या देशाशी आणि घराण्याशी आहे. सुंदर आहे ते सगळं. पण यादी करून बघा, सगळी कारणं दुसऱ्यांसाठीची आहेत, स्वतःसाठीचं एकही नाही. ते तसंच आहे की रासेंडिलने आपल्याला तसं सांगितलंय? पायरी ६ आठवा.

पायरी ९ : कोपऱ्यातल्या राजकन्या

नायिकेवरची नजर काढा आणि मागे उभ्या असलेल्यांकडे बघा. क्लेव्हच्या मागे एक खरी राजकन्या उभी आहे, हेन्रीची थोरली मुलगी एलिझाबेथ. तिचं नाव स्पेनच्या युवराजाशी, डॉन कार्लोसशी, जोडलं जात होतं. 1559 च्या तहात मात्र ठरलं की त्याच्याशी नाही, त्याच्या बापाशीच, दुसऱ्या फिलिपशी लग्न. वय 14. फिलिप आलाही नाही, त्याच्या वतीने एका ड्यूकने पॅरिसमध्ये लग्न लावून घेतलं. त्याच लग्नाच्या जल्लोषात 30 जूनला भाल्यांची झुंज झाली, त्यात राजा हेन्रीच्या डोळ्यात भाल्याची ढलपी घुसली आणि 10 जुलैला तो गेला. एलिझाबेथ स्पेनला गेली, 23 व्या वर्षी वारली. तिच्यापुढे नाकारण्याचा पर्यायच ठेवलेला नव्हता. हे कळल्यावर नायिकेच्या तळमळीकडे परत बघा, निवड करायला मिळणं हीच त्या दरबारात चैन होती.

पायरी १० : ग्रुपमध्ये वाचत असाल तर

चर्चेला विषय शोधत बसू नका, 1678 मध्येच तयार झालेला आहे. नायिका नवऱ्याला स्वतःहून कबुली देते की माझं मन दुसरीकडे गेलंय, नाव मात्र सांगत नाही, मला दरबारापासून लांब ने. (नमूर तिथंच लपून ऐकत असतो आणि नंतर दुसऱ्याची गोष्ट म्हणून मित्राला सांगून बसतो, आणि ती फिरून फिरून तिच्याच कानावर येते, पण ते असो.) पुस्तक निघालं तेव्हा 'मर्क्युर गालां' नावाच्या मासिकाने वाचकांनाच विचारलं होतं, बायकोने असं नवऱ्याला सांगावं की गप्प राहावं? आणि गावोगावची पत्रं आली.

हाच प्रश्न तुमच्या ग्रुपवर टाका. एक नियम करा, जो मत देईल त्याने पुस्तकातला पान नंबर द्यायचा, नाहीतर अर्ध्या तासात सगळे आपापल्या शेजाऱ्यांच्या संसारावर घसरतात. दुसरी फेरी शर्मिष्ठेवर घ्या, तिथं प्रश्न असा टाका की तिच्या गुपिताची, म्हणजे ययातिशी चोरून जुळलेल्या नात्याची, किंमत तिने जास्त मोजली की तिच्या मुलाने, पुरूने. या फेरीला पोळी-भाजीचा डबा घेऊनच बसा, लवकर उठणं होत नाही.